पाय पूर्वेला

पिराजी आवळे शनिवारी सकाळी रिक्षात गेला. दवाखान्याचं फाटक समोर दिसत होतं, सिग्नल लाल होता, आणि तानाबाईच्या मांडीवरचं त्याचं डोकं एकदम जड झालं. नवऱ्याचं डोकं एवढं जड असतं हे तिला एकतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा कळलं. डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, कागदावर वेळ लिहिली आणि म्हणाला, बॉडी घेऊन जा.

घेऊन जा. पण कुठं?

बाकीच्यांच्या घरात हा प्रश्न पडत नाही. हिंदूचं मढं पंचगंगेच्या घाटावर जातं, मुसलमानाचं कबरस्तानात, ख्रिस्ती माणसाचं दफनभूमीत. पिराजी रविवारी ख्रिस्ती होता आणि उरलेले सहा दिवस, कागदावर, हिंदू मांग. आणि मेला शनिवारी.

तो पेंटर होता. सोळाव्या वर्षापासून हातात ब्रश. एकेकाळी निम्म्या कोल्हापुरातल्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. मग फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. उरल्या मोटरसायकलच्या नंबरप्लेटा, आणि दफनभूमीतले क्रूस. क्रूसावर फ्लेक्स लावायची लाज अजून लोकांना वाटत होती म्हणून ते काम टिकलं. पांढऱ्या ऑइलपेंटवर काळं नाव, खाली जन्म, खाली मृत्यू. चारशेच्या वर नावं त्यानं लिहिली असतील. आणि नाव लिहायला गेला की नुसतं नाव लिहून यायचा नाही. खड्डा काढणाऱ्यांच्या उरावर उभा राहायचा. "डोस्कं पन्हाळ्याकडं, पाय उगवतीला. वाकडं करू नका बाबानू, त्यो कायमचा झोपाया न्हाय आलेला."

हे त्याला त्याच्या आईनं शिकवलं होतं. धोंडुबाई चर्च झाडायची. तिला वाचता येत नव्हतं, पण शेवटचा दिवस तिला आपल्या गल्लीइतका पाठ होता. कर्णा वाजणार. प्रभू उगवतीकडून येणार. माती फुटणार आणि मेलेली माणसं अंथरुणात उठून बसावीत तशी उठून बसणार. पाय पूर्वेला असले तर उठल्या उठल्या तोंडासमोर प्रभू. उलटं पुरलं असेल तर त्याच्याकडं पाठ. मग राजासन मांडणार, पुस्तकं उघडणार, मेंढरं उजवीकडं आणि शेरडं डावीकडं. ज्यांनी त्याला चारचौघांत नाकारलं त्यांना तो म्हणणार, मी तुला ओळखत नाही.

पिराजीला नरकाच्या आगीची भीती नव्हती. भट्टीसारख्या तापणाऱ्या पत्र्याच्या खोलीत त्यानं जन्म काढला होता. त्याला त्या एका वाक्याची भीती होती.

आणि मरायच्या बारा दिवस आधी त्यानं शंभर रुपयांचा शिक्का मारलेल्या कागदावर प्रभूला नाकारलं होतं.

कायदा असा आहे. मांग हिंदू असला तर मांग. शीख झाला तरी मांग, बौद्ध झाला तरी मांग. ख्रिस्ती झाला की तो मांग राहत नाही, सवलती बंद. हे फक्त कागदावर. गल्लीत तो मांगच राहतो. घर भाड्यानं मागायला गेला की मांगच राहतो. चर्चमध्येसुद्धा पुढच्या चार बाकांवर बसणारी घराणी कोणती आणि मागच्या बाकांवरची कोणती, हे नव्या माणसाला एका रविवारात कळतं. म्हणजे जात सगळ्यांनी लक्षात ठेवायची, फक्त सरकारनं विसरायची. कागदावर हिंदू राहून रविवारी चर्चला जाणारी घरं म्हणून त्या गल्लीत एक सोडून एक होती. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.

पिराजीची पोरगी अस्मिता एकोणीस वर्षांची. जनावरांची डॉक्टर व्हायचं तिच्या डोक्यात शाळेपासून होतं. मामाची म्हैस विताना अडली तेव्हा बाकीची पोरं पळाली, ही रेडकाचे पाय ओढत बसली होती. शिरवळच्या कॉलेजात तिचा नंबर लागला, अनुसूचित जातीच्या कोट्यातून. आता फक्त जातपडताळणीचा दाखला हवा होता. तो हातात यायच्या बेतात असताना निनावी अर्ज गेला: हे कुटुंब ख्रिस्ती आहे. अर्जाला पिराजीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची झेरॉक्स जोडलेली होती. चर्चच्या रजिस्टरचं पान. खाली चर्चचा गोल शिक्का.

वकिलानं प्रतिज्ञापत्र करून दिलं: मी व माझे कुटुंबीय ख्रिस्ती धर्म मानत नाही व पाळत नाही. पिराजीची सही अख्ख्या कोर्टाच्या आवारात सगळ्यांत देखणी असेल. त्यानं ती सावकाश केली, शेवटच्या अक्षराला शेपटी काढली, आणि बाहेर चहाच्या गाड्यावर तानाबाईला म्हणाला, "आज मी शेरडू झालो बघ."

"गप बसा. कायतरी बोलतासा."

"न्हाय, वाईट काय न्हाय त्यात. शेरडू दूध तरी देतंय." तो हसला. मग कपबशी ठेवली. "एक कर. कायबी झालं तरी मला जाळू नको. आईजवळ ठेव. पाय नीट ठेव. त्यो ओळखू दे न्हायतर न ओळखू दे, मी त्येच्याकडं बघणार हाय." तानाबाईनं त्याला शब्द दिला.

घरी येऊन त्यानं भिंतीवरचा लाकडी क्रूस उतरवला. खाली जुन्या रंगाचा क्रूसाएवढा ताजा डाग राहिला. चाळीस वर्षं रंगात हात घातलेल्या माणसाला त्या डागाचा रंग जुळवता येईना. तीन वेळा अख्खी भिंत रंगवली. तिन्ही वेळा वाळल्यावर क्रूस परत वर आला. शेवटी त्यावर जोतिबाचा मोठा फोटो टांगला. चौकशीला आलेली माणसं फोटो बघून, चहा पिऊन गेली. पुढच्या रविवारी प्रभुभोजनाचं ताट आलं तेव्हा पिराजीनं हात पुढं केला नाही. शेजारच्याकडं सरकवलं.

सुनावणी सोमवारी अकराला होती. आणि शनिवारी हे असं झालं.

दहा वाजेपर्यंत घरासमोर माणसं जमली. पिराजीचा चुलतभाऊ अप्पा टेम्पो घेऊन आला. अप्पाचं घर कधीच ख्रिस्ती झालं नव्हतं. माणूस तोंडाचा फाटका आणि कामाचा पक्का.

"वहिनी, मी सांगतो ते ऐक," तो म्हणाला. "घाटावर न्हेऊया. शेणी-गोवऱ्या महापालिका देती, लाकूड देती, कुणाचं काय ऐकून घ्यायचं न्हाय. मी अग्नी देतो. फोटो काढतो, व्हिडिओ काढतो. सोमवारी सायबाच्या टेबलावर टाकायचा. ह्याच्या वर कुठला पुरावा पायजे?"

"पप्पांना जाळायचं नाही," अस्मिता म्हणाली. ती बापाच्या पायाशी बसली होती. त्याच्या अंगठ्याच्या नखात पिवळा रंग होता, ती तो उकरत होती. "ते मला पण बोललेत. मला नको दाखला. मी बीएस्सी करीन नाहीतर काहीपण करीन."

"आन् पुरलं तर दफनभूमीच्या रजिस्टरला नाव चढतंय, पोरी," अप्पा म्हणाला. "मागच्या टायमाला झेरॉक्स कुठनं आली? आभाळातनं पडली व्हय?"

तानाबाई उठली. डोक्यावर पदर घेतला आणि चालत चर्चला गेली.

चर्चच्या मागच्या खोलीत कमिटीचे सेक्रेटरी उन्मेष सर उद्याच्या गीतांचे आकडे फळ्यावर लावत होते. निवृत्त शिक्षक, इस्त्रीचा शर्ट, बोलणं स्वच्छ. त्यांचे पणजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झाले होते, आणि चार पिढ्या झाल्या तरी ती गोष्ट सरांच्या तोंडून दिवसातून एकदा निघायचीच. बाजूला पाळक बसले होते. नवे, तरुण, वर्षभरासाठी नेमलेले. कमिटीसमोर ते खुर्चीच्या कडेवर बसायचे.

"कळलं मला," सर म्हणाले. "फार वाईट झालं, तानाबाई. पिराजी आपला माणूस होता."

"मग जागा द्या, सर. सासूच्या शेजारी."

"जागा आहे. जागेचं काही नाही." त्यांनी हातातला आकडा खाली ठेवला. "पण त्यानं प्रभूला लेखी नाकारलंय. मागच्या आठवड्यात कमिटीनं ठराव केला. लेखी नाकारलं तर लेखी माघार. आता तो देऊ शकत नाही, तर पत्नी म्हणून तुम्ही दोन ओळी द्या. ते प्रतिज्ञापत्र खोटं होतं, आमचं कुटुंब ख्रिस्ती आहे. बस्स. चार वाजता आपण सन्मानानं दफन करू."

"त्यो कागद कुठं ऱ्हाईल?"

"फायलीत. रजिस्टरबरोबर."

"कपाटात."

"हो."

"त्या कपाटाची किल्ली कुणाजवळ असती, सर?"

पाळकांनी मान खाली घातली. उन्मेष सरांनी फळ्यावरचा एक आकडा सरळ केला.

"माझ्याजवळ असते," ते म्हणाले. "आणि मी खोटं बोलणार नाही. आमच्या मुलीला, अंतरालाही, जनावरांच्या डॉक्टरकीलाच जायचं होतं. तुमच्या मुलीपेक्षा साठ मार्क जास्त. नंबर लागला नाही. का? आम्ही खरं सांगतो म्हणून. आम्ही ख्रिस्ती आहोत असं लिहितो, ओपनमधून भरतो, आणि घरी बसतो. तुम्ही दोन्हीकडून घ्यायचं. रविवारी इकडचं आणि सोमवारी तिकडचं. हा न्याय आहे?"

"तुमच्या पोरीला खोली भाड्यानं देताना कुणी आडनाव इचारून दार लावलंय?"

"विषय तो नाही."

"त्योच हाय," तानाबाई म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही. रडून रडून तो बसलाच होता. "पुढच्या बाकावर बसून खरं बोलाय सोपं पडतंय, सर. तुमी झेरॉक्स दिलीसा, त्येचं मी काय म्हणत न्हाय. पण नाव घालून द्यायचं. आदुगर सही करायची, मग खऱ्याच्या गोष्टी सांगायच्या."

सरांचा चेहरा लाल झाला. "तानाबाई, त्या दिवशी आपल्या सगळ्यांनाच उत्तर द्यायचंय. मलाही आणि तुम्हालाही."

"व्हय की. तितं कमिटी न्हाय हे एक बरं हाय."

ती फाटकापर्यंत आली तेव्हा पाळक मागून धावत आले. धापा टाकत म्हणाले, "मावशी, एक सांगतो. देवाला शरीर लागत नाही. तो राखेतूनसुद्धा उठवतो. मनात काही आणू नका."

तानाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. पोरगं भलं होतं. "मग दफनभूमीला कुंपण कशापायी घातलंयसा?" ती म्हणाली आणि चालू लागली.

वाटेत तिनं विचार केला तो असा. दोन ओळी दिल्या तर पिराजी आईशेजारी झोपेल, पाय उगवतीला, आणि पोरगी आयुष्यभर कुठल्यातरी दुकानात बिलं फाडेल. त्या सहीपायी पिराजी बारा दिवस जेवला नव्हता धड. त्या सहीनंच त्याचं काळीज खाल्लं होतं, डॉक्टर काहीही लिहू दे. आता त्याला पुरलं तर ती सही फुकट. देवही गेला आणि पोरीचंही गेलं.

घरात शिरताच ती अप्पाला म्हणाली, "टेम्पो लाव."

"आई," अस्मिता उठली. "तू त्यांना शब्द दिला होतास."

"दिलता."

"मग?"

"तुझ्या बापानं तुझ्यापायी पाप केलंय. ते वाया घालवू व्हय मी?" पोरगी आडवी झाली, दारात उभी राहिली. तानाबाईनं तिच्या थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा, आणि बापाच्या मढ्यासमोर. "सरक. जाब मी देणार हाय. तुला कुणी इचारणार न्हाय."

अस्मिता सरकली. त्यानंतर ती आईशी बोलली नाही.

घाटावर अप्पानं सगळं साग्रसंगीत केलं. पिराजीच्या कपाळाला गुलाल, तोंडात पाणी, खांद्यावर मडकं घेऊन तीन फेऱ्या. शेणींचा ढीग रचला गेला आणि आत पिराजी दिसेनासा झाला. फक्त पाय दिसत होते. तानाबाईनं दिशा बघितली. घाटावर सरण नदीच्या बेतानं रचतात, उगवतीच्या बेतानं नाही. पाय भलतीकडंच होते.

तिनं डोळे मिटले आणि प्रभूनं शिकवलेली प्रार्थना मनात सुरू केली.

"वहिनी, व्हट हलवू नको," अप्पा मोबाईल धरून हळूच म्हणाला. "व्हिडिओ चालू हाय."

तिनं ओठ मिटून घेतले. प्रार्थना निम्म्यात राहिली. ती पुन्हा कुठनं सुरू करायची ते तिला आठवेना, आणि तेवढ्यात धूर आला.

सोमवारी सकाळी साडेनऊला रक्षा गोळा करायला अप्पा आणि मायलेकी परत घाटावर. राख भरणारा कामगार घमेलं घेऊन पुढं आला तेव्हा तानाबाई म्हणाली, "भाऊ, थोडी थोडी हाडं दोन ठिकाणी बांधून द्या. डोस्क्याकडची येगळी, पायाकडची येगळी."

"असं कोण न्हेत न्हाय, मावशी."

"मी न्हेते."

तिनं पिराजीचं रंगानं माखलेलं जुनं धोतर फाडून दोन फडकी आणली होती. कामगारानं डोक्याकडच्या चार अस्थी एका फडक्यात घातल्या, पायाकडच्या दुसऱ्यात. तिनं दोन्ही गाठोडी कापडी पिशवीत ठेवली. उजवीकडं डोकं, डावीकडं पाय. मनात तीनदा म्हटलं. बाकीची रक्षा अप्पानं नदीत सोडली, तोंडानं काय काय पुटपुटत, आणि त्याचेही फोटो काढले.

घरी जाऊन यायला वेळ नव्हता. पिशवी तशीच घेऊन ती पोरीसोबत पडताळणीच्या ऑफिसला गेली.

बाकावर दीड तास बसवलं. समोर लांब टेबल, मागं तीन अधिकारी. मधल्या बाई चष्मा कपाळावर सरकवून फाईल चाळत होत्या. नावं पुकारली तसं लोक उठत होते, आत जात होते, कुणी हसत बाहेर येत होतं, कुणी जिन्यातच खाली बसत होतं. तानाबाईला वाटलं, धोंडुबाई सांगायची ते राजासन असंच दिसत असणार. फक्त तिथं पंखा नसेल.

"अस्मिता पिराजी आवळे."

दोघी उभ्या राहिल्या. पिशवी तानाबाईच्या पोटाशी.

"वडील कुठे आहेत?"

"शनिवारी वारले," अस्मिता म्हणाली.

बाईंनी मान वर केली. एक क्षण त्यांचा चेहरा मऊ झाला. मग त्या परत अधिकारी झाल्या. "वाईट झालं. पण तक्रार आहे, मला विचारावं लागेल. अंत्यविधी कोणत्या पद्धतीनं केला?"

"घाटावर. अग्नी दिला. फोटो हायत," तानाबाई म्हणाली. फोटोचं पाकीट आणि दाखले पिशवीच्या तळाला होते. गाठोड्यांखालून ते निघेनात.

"लवकर करा, मागं चाळीस लोक आहेत," शिपाई म्हणाला.

अस्मितानं आईच्या हातातली पिशवी ओढून घेतली, दोन्ही गाठोडी उचलून टेबलाच्या कडेला ठेवली, पाकीट काढलं.

"हे काय आहे?" बाजूच्या अधिकाऱ्यानं गाठोड्याकडं पेन केलं.

"पप्पा," अस्मिता म्हणाली.

 त्या अधिकाऱ्यानं आपली खुर्ची वीतभर मागं घेतली. अस्मितानं गाठोडी उचलून पिशवीत टाकली. बाईंनी फोटो एकेक करून बघितले. गुलाल, मडकं, शेणी, धूर.

"आता तुम्ही सांगा," त्या तानाबाईला म्हणाल्या. "ख्रिस्ती धर्म पाळता?"

"न्हाय."

"चर्चमध्ये जाता?"

"न्हाय."

"ही बाप्तिस्म्याची नोंद आहे. येशूवर तुमचा विश्वास आहे की नाही, स्पष्ट सांगा."

पिशवी पोटाला लागत होती. आतून काहीतरी टोचत होतं, कुठलं हाड कुणास ठाऊक.

"न्हाय," तानाबाई म्हणाली. "लहानपणी कुणीतरी पाणी शिपडलं असंल. आमी ओळखत न्हाय त्येला."

तीनदा. प्रभूच्या शिष्यानं त्याला तीनदा नाकारलं तेव्हा कोंबडा आरवला होता; आता इथंही आरवायला हवा होता. शिपायाचा मोबाईल वाजला.

बाईंनी फाईलवर दोन ओळी लिहिल्या, सही केली. "तक्रारीत तथ्य दिसत नाही. गुरुवारी दाखला घेऊन जा." आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर अप्पा पेढे आणायला निघाला होता. तानाबाईनं त्याला घरी पाठवलं, रिक्षा केली आणि पोरीला म्हणाली, "बस." अस्मिता बसली.

दफनभूमीच्या फाटकाशी वॉचमन खुर्चीत पेंगत होता. पिराजी गेल्याचं त्याला ठाऊक होतं, पण सवय तोंडातून गेली नव्हती. "रंगवाय आलासा?" तो म्हणाला.

"व्हय," तानाबाई म्हणाली. त्या दिवशी खोटं बोलायला तिला काहीच जड जात नव्हतं.

धोंडुबाईचा क्रूस मागच्या भिंतीला होता. अक्षरं पिराजीची, दोन वर्षांमागं नव्यानं काढलेली. पावसानं गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. आभाळ दाटलेलं, पन्हाळा ढगात गेलेला, पण क्रूस डोक्याशी असतो, त्यामुळं दिशा ठाऊक होती. तानाबाईनं फाटकाशी पडलेल्या खुरप्यानं सासूच्या कुशीला लांबट खड्डा काढला. वीतभर रुंद, दोन हात लांब. माती ओली होती, खुरपं लोण्यात गेल्यासारखं जात होतं. अस्मिता उभी राहून बघत होती. मग तीही बसली आणि हातानं माती ओढू लागली.

तानाबाईनं पिशवी पुढं घेतली. आत हात घातला आणि थांबली.

एक गाठोडं वर होतं. एक खाली.

"कुठलं कुठलं?" ती म्हणाली.

अस्मिता तिच्याकडं बघू लागली.

"उजवीकडं डोस्कं हुतं. डावीकडं पाय. तू काढलीस टेबलावर. कुठलं कुठं टाकलंस?"

"मला काय माहीत," अस्मिता म्हणाली. दोन दिवसांत आईशी बोललेलं पहिलं वाक्य. "तू सांगितलंस कुठं? मला वाटलं, नुसतीच..." तिनं पिशवीत डोकावून बघितलं. "तू सांगायचं होतंस ना, आई."

एकाच धोतराची दोन फडकी. दोन्हीवर रंगाचे डाग, दोन्हींना सारखी गाठ. तानाबाईनं दोन्ही सोडली. पांढरट करडे तुकडे, खडूच्या भुग्यातले असावेत तसे. या माणसाबरोबर ती एकतीस वर्षं झोपली, जेवली, भांडली, आणि त्याचं डोकं कुठलं आणि पाय कुठला हे तिला सांगता येईना.

"दात बघ," ती म्हणाली. "दात घावला तर डोस्कं."

दोघींनी तुकडे बोटांनी चाळले. अस्मितानं एकेक तुकडा उजेडाला धरून बघितला, म्हशीच्या पायाचं हाड बघायची तसा. दात नव्हता. एका फडक्यात वाकडं पातळ काहीतरी होतं, कवटीचं असेल नाहीतर टाचेचं. अस्मिता ते बराच वेळ फिरवत राहिली आणि शेवटी म्हणाली, "नाही कळत. मला अजून शिकवलं नाही."

थेंब पडायला लागले. तानाबाईनं दोन्ही फडकी खड्ड्याच्या दोन टोकांना ठेवली. मग उचलली, उलटी ठेवली. मग परत पहिल्यासारखी. अशी चारदा केली, जसं काही पाचव्यांदा हाताला कळणार होतं. शेवटी होती तशी राहू दिली आणि माती ओढली.

अस्मितानं दप्तरातून बापाचा बारीक ब्रश आणि काळ्या रंगाची डबी काढली. क्रूसाच्या खालच्या अंगाला, आजीच्या नावाखाली, बोटभर जागा होती. बापानंच ती सोडलेली होती. कुणासाठी सोडली ते त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

"नाव घालू नको," तानाबाई म्हणाली.

"पप्पांनी सगळ्यांची नावं लिहिली."

"व्हय. आन् हितं कोण बी येऊन मोबाईलनं फोटो काढतंय. दाखला गुरुवारी मिळतोय, पर त्यो कवाबी परत मागत्यात. नोकरीला लागलीस तरी मागत्यात." तिनं पोरीच्या हातातून ब्रश घेतला. "नाव न्हाय घालायचं."

 अस्मितानं डबीचं झाकण घट्ट लावलं आणि फाटकाकडं चालू लागली. पाठ तिची बापासारखी होती, डावा खांदा खाली. तानाबाईनं तिला हाक मारली नाही.

ती एकटीच मातीजवळ उकिडवी बसली. ओठ हलवले तरी आता कुणी बघत नव्हतं. पण प्रार्थना आली नाही. ज्याला मघाशी ओळखत नाही म्हटलं, त्याच्याशी आता काय बोलायचं. म्हणून ती नवऱ्याशीच बोलली.

"ओ, ऐकतासा न्हवं," ती मातीला म्हणाली. "माझं चुकलंय. तुमचं तोंड कुठं झालंय मला ठावं न्हाय. कर्णा वाजला, उठलासा, आन् म्होरं नुसती भिंत दिसली, तर घाबरू नका. मान वळवा. ऊन कुठनं येतंय बघा आन् तिकडं वळा. नाव पुकारलं न्हाय तरी सासूबाईंच्या मागनं जावा. आन् त्यो म्हणाला वळखत न्हाय, तर म्हणावं, बायकू येऊ दे. नाकारलंय दोघांनी. तिचंबी ऐकून घे."

पाऊस वाढला. तिनं मातीवर हात फिरवून ती सपाट केली, वर गवत ओढलं, खड्डा काढला होता हे दिसू नये म्हणून. मग ब्रश पदराला पुसला आणि उठली.